यांत्रिक होडीचे गियर-तेल आणि आपण

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नवापूर येथे झालेले भाषण. स्मरणिकेसाठी काही ठिकाणी संक्षेप केला आहे.)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण शिक्षण, वसतिगृह, लग्नकार्यांतील खर्च, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार अशा विषयांवर विचार ऐकतो. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु या वर्षी आपल्या तरुण सभासदांनी आग्रह धरला, की ज्या धंद्यावर आपल्या कित्येक घरांची चूल पेटते त्या धंद्यातील यंत्रासंबंधी कोणीतरी चार शब्द सांगावेत. अध्यक्षांनी ते काम आमच्याकडे सोपविले. आम्ही काही यंत्रविशारद नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून ज्याने उभा जन्म मुलांना पाढे व बाराखडी शिकविण्यात घालविला, अशा शिक्षकाने गियरबॉक्सवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. त्याचा खुलासा प्रथम करतो.

आमचा एक भाचा कोकणच्या किनाऱ्यावर मच्छीमारी बोटीवर खलाशी म्हणून गेला व हळूहळू इंजिनाशेजारी बसू लागला. बोटीबरोबर आलेली माहितीपुस्तिका इंग्रजीत. तिची एकेक पानाची छायाचित्रे तो आम्हांस भ्रमणध्वनीवर पाठवी आणि लिही, "मामा, एवढे वाचून सांगा. येथे कोणाला नीट सांगता येत नाही." आम्ही शब्दकोश घेऊन बसत असू. काही वाक्ये शब्दकोशानेही उलगडत ना. तेव्हा येथील ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींना विचारत असू. पुढे सुट्टीत बंदरावर जाऊन ते सर्व डोळ्यांनी पाहिले. येणेप्रमाणे जे समजले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. शिकविणाऱ्यालाही उतारवयात विद्यार्थी व्हावे लागते, आणि त्यात कमीपणा नाही.

कोणी म्हणेल, नवापूर हे काही बंदर नव्हे. येथील स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत, ही गंमत सर्वांस ठाऊक. येथील तूरडाळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेही ठाऊक. मग येथे बोटीच्या तेलाचे काय काम? परंतु थोडे आसपास पाहावे. आपली रंगावली ज्या तापीस मिळते, त्या तापीवर १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले. त्याच्या जलाशयास वल्लभसागर म्हणतात. त्याचे पाणी आपल्या नवापूर व नंदुरबार तालुक्यांपर्यंत येऊन भिडले. शेते बुडाली, गावे उठली, आणि जेथे नांगर चालत होता तेथे होडी चालू लागली. उत्तरेस अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत नर्मदेच्या काठी सरदार सरोवराचे पाणी पसरले आहे. २०१९ च्या सप्टेंबरात ते प्रथमच पूर्ण पातळीस, म्हणजे १३८.६८ मीटरपर्यंत चढले. तेथील कित्येक पाड्यांना दवाखाना, बाजार व शाळा यांसाठी पाण्याचीच वाट उरली आहे. २०२० साली चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी स्वतः वल्ही मारीत सुमारे अठरा किलोमीटरचा जलप्रवास करून पाड्यांवरील बालकांपर्यंत व गरोदर मातांपर्यंत आहार पोहोचविला, हे वृत्त आपण सर्वांनी वाचले असेल. सारांश, आपला जिल्हा समुद्रापासून दूर असला तरी पाण्यापासून दूर नाही. आणि आपली भोई ज्ञात तर पाण्याच्या काठीच वाढली. नाव हाकणे व जाळे टाकणे हे आपल्या वाडवडिलांचे विद्यालय होते.

मात्र वाडवडिलांची होडी वल्ह्याची व शिडाची होती. फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजविलेला कापूस ठासणे, बुडास तेल देणे, एवढी निगा राखली की होडी नातवापर्यंत टिके. यंत्र आले ते स्वातंत्र्यानंतर. १९५२ साली नॉर्वे देशाशी करार होऊन केरळच्या किनाऱ्यावर मच्छीमारी सुधारण्याची योजना सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे नौकाशिल्पी त्याच दशकात हिंदुस्थानात आले. तेव्हाच्या मुंबई राज्यातही किनाऱ्यावरील होड्यांत डिझेल इंजिने बसू लागली. पुण्याजवळ खडकीस १९४६ साली निघालेल्या किर्लोस्कर कारखान्याची ऑईल इंजिने आपल्याकडे विहिरीवर आली, तशीच यंत्राची ओळख खेडोपाडी झाली. पुढे १९६१ साली मुंबईस मत्स्यशिक्षणाची मध्यवर्ती संस्था निघाली आणि १९६३ साली कोचीनला बोटीवरील कामगारांस शिकविणारी संस्था उभी राहिली. सरकारने ओळखले, की नुसते इंजिन देऊन भागत नाही, ते सांभाळणारा माणूसही घडवावा लागतो. आपण मात्र इंजिन घेतले आणि माणूस घडविण्याचे काम पुष्कळ ठिकाणी राहूनच गेले.

आता मूळ विषयाकडे वळू.

यांत्रिक होड्या दोन तऱ्हेच्या असतात. एकीचे इंजिन होडीच्या मागील फळीस बाहेरून अडकविलेले असते. ते उचलून घरी नेता येते. दुसरीचे इंजिन होडीच्या पोटात कायमचे बसविलेले असते. आज आपण या दुसरीविषयी बोलत आहोत. तिच्या पोटात चार मुख्य वस्तू एका ओळीत असतात: पुढे इंजिन, त्याला जोडून गियरबॉक्स, त्यापुढे होडीच्या बुडातून बाहेर जाणारा लांब दांडा, ज्यास शाफ्ट म्हणतात, आणि बाहेर पाण्यात शाफ्टच्या टोकाला पंखा.

इंजिनाकडे सर्वांचे लक्ष असते, कारण ते आवाज करते. पंख्याकडेही असते, कारण त्यात जाळे किंवा वेल अडकते. मधला गियरबॉक्स मुकाट्याने काम करतो, आणि म्हणूनच तो विसरला जातो. त्याची कामे तीन.

पहिले काम वेग कमी करण्याचे. समजा, इंजिन मिनिटास १८०० फेरे घेते. पंखा तितक्या वेगाने फिरला तर पाणी मागे रेटण्याऐवजी पाण्यातच पोकळी व फेस करील. मोठा पंखा सावकाश फिरला म्हणजे होडीला रेटा चांगला मिळतो. गियरचे प्रमाण तीनास एक असेल तर १८०० भागिले ३, म्हणजे पंखा ६०० फेरे घेईल. हे त्रैराशिक आमच्या चौथीच्या मुलांनाही येत असे.

दुसरे काम दिशा बदलण्याचे. डिझेल इंजिन एकाच दिशेने फिरते. होडी पुढे न्यायची, जागी ठेवायची की मागे घ्यायची, हे गियर ठरवितो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. बैलगाडीला वेसण आहे, मोटारीला ब्रेक आहे, पण होडीला ब्रेक नाही. काठ जवळ आला, पुढे दुसरी होडी आली, पाण्यात पोहणारे मूल दिसले, तर होडी थांबविण्याचा उपाय एकच: पंखा उलटा फिरविणे. गियर लागला नाही तर इंजिन कितीही चांगले असो, होडी आपल्या हातात नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान बोट ताबा सुटून 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि दहांहून अधिक जीव गेले. पाण्यावर ताबा सुटणे म्हणजे काय, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

तिसरे काम पुष्कळांस माहीत नसते. पंखा पाणी मागे रेटतो तेव्हा पाणी शाफ्टला पुढे रेटते. सबंध होडी त्या रेट्यानेच पुढे जाते. बहुतेक होड्यांत हा भार गियरबॉक्समधील एका बेअरिंगवर येतो. म्हणजे माणसे, जाळी, बर्फ, मासळी आणि होडीचे स्वतःचे वजन, हे सारे जणू त्या एका पेटीच्या खांद्यावर असते. आपले पूर्वज पालखी वाहत. खांद्याची निगा काय असते, हे आपल्या ज्ञातीस सांगावयास नको.

या पेटीचा प्राण म्हणजे तिच्यातील तेल. ते दात्यांना वंगण देते. घर्षणाने निर्माण झालेली उष्णता उचलून बाहेरच्या कूलरकडे नेते. ज्या पेट्यांत तेलाच्या दाबाने क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात, तेथे तर गियर लावण्याचे कामही तेलच करते. झिजलेल्या धातूचे कण ते गाळणीपर्यंत वाहून नेते. आणि पेटी बंद पडून असते तेव्हा आतल्या पोलादास गंज चढू देत नाही. इतकी कामे करणारे तेल कालांतराने थकते. ते काळवंडते, पातळ होते, त्यात कण व ओलावा साठतो. म्हणून ते ठरावीक मुदतीने बदलावे लागते.

ही मुदत कोणती? ज्याची पेटी त्याची पुस्तिका, हाच खरा नियम. तथापि सामान्यतः नव्या पेटीचे पहिले तेल लवकर, पंचवीस ते पन्नास तास चालल्यावर बदलतात. कारण नवे दाते एकमेकांशी जुळताना कण पुष्कळ पडतात. त्यानंतर पुस्तिकेत दिलेल्या तासांनी, आणि होडी कमी चालली तरी निदान वर्षातून एकदा. किनाऱ्यावर पावसाळ्यात मच्छीमारी बंद असते. होडी काढून ठेवण्यापूर्वीच तेल बदलावे, म्हणजे जुन्या तेलातील ओलावा तितके दिवस पेटी कुरतडीत बसत नाही.

कोणते तेल घालावे, याविषयी फार घोटाळा आहे. काही पेट्यांना इंजिनात घालतो तसेच जाड तेल लागते. काहींना मोटारगाडीच्या स्वयंचलित गियरमधले पातळ, लाल रंगाचे तेल लागते. काहींना आणखी वेगळे. दुकानदार म्हणेल, "घाला हो, सगळे सारखेच." ते सारखे नसते. जाड तेलाच्या पेटीत पातळ घातले किंवा उलट केले, तर क्लच घसरतो व तापतो. दोन प्रकारची तेले एकत्र तर मुळीच करू नयेत. पेटीवर एक लहानशी धातूची पाटी असते. तिच्यावर पेटीचे नाव, क्रमांक व गियरचे प्रमाण कोरलेले असते, काही पाट्यांवर तेलाचा प्रकारही असतो. ती पाटी रंगाखाली झाकली असेल तर आजच जाऊन खरवडावी, आणि अक्षरे वहीत उतरवून घ्यावीत.

आता कृती सांगतो. तरुणांनी लिहून घेतल्यास आमची हरकत नाही. आम्हांस वह्या तपासण्याची सवय आहेच.

प्रथम होडी काठाला पुढून व मागून दोन्हीकडे घट्ट बांधावी. इंजिन सुरू करून दहापंधरा मिनिटे चालू द्यावे, आणि बांधलेल्या अवस्थेतच हलक्या वेगावर गियर पुढे व मागे लावून पाहावा. याने तेल कोमट होऊन पातळ होते व तळाची घाण वर येते. थंड तेल काढले तर घाण पेटीतच राहते. यानंतर इंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी. आपण आत वाकलेले असताना कोणी पोराने इंजिन सुरू केले तर काय होईल, हे सांगावयास नको. अंगावर उपरणे, मफलर, लोंबती बाही असू नये. पेट्रोलचे इंजिन असेल तर आधी झाकणे उघडून वारा खेळू द्यावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचते, आणि तेथे विडी पेटविणाऱ्यास दुसरी विडी ओढण्याची संधी मिळत नाही.

दुसरी पायरी तेल काढण्याची. मोटारगाडीच्या खाली शिरून तळाचा बूच काढता येतो व खाली परात ठेवता येते. होडीत तसे होत नाही. पेटी बुडाच्या इतकी जवळ असते, की खाली हातही जात नाही, आणि बूच काढला तर तेल होडीच्या तळात पसरते. म्हणून तेल वरून ओढून काढतात. तेलाची पातळी पाहण्याची जी पट्टी असते, जिला मेस्त्री डिपस्टिक म्हणतात, ती काढून त्या भोकातून एक बारीक नळी तळाला टेकेपर्यंत सोडावी आणि हातपंपाने तेल डब्यात ओढावे. डब्यावर लिटरच्या खुणा असाव्यात. निघालेले तेल मोजल्यावाचून नवे घालू नये. पुस्तिकेत दोन लिटर लिहिले असेल आणि सव्वाच निघाले असेल, तर बाकीचे कोठे गेले याचा शोध घेतला पाहिजे: कोठे तरी गळती आहे, किंवा अजून तेल आतच आहे.

तिसरी पायरी गाळणीची. काही पेट्यांत जाळीची गाळणी असते. ती काढून डिझेलने धुवावी व पूर्ण वाळवावी. काहींत बदलावयाची गाळणी असते. ती नवी घालावी. बुचाखालचे तांब्याचे वायसर नवे असावे. चारदोन रुपयांचे वायसर वाचवून शेकडो रुपयांचे तेल गळू देणे, हा आपल्या समाजातील काटकसरीचा एक विचित्र नमुना आहे. सर्व पुसण्यास स्वच्छ सुती फडके घ्यावे. लोकरीचे किंवा तंतू सुटणारे घेऊ नये.

चौथी पायरी नवे तेल भरण्याची. स्वच्छ नरसाळ्याने, काढले तितक्याहून किंचित कमी प्रथम भरावे, मग पट्टीवर पाहून थोडे थोडे वाढवावे. पट्टी पाहण्याची रीत प्रत्येक पेटीची निराळी असते. काहींत पट्टी आटे न फिरविता नुसती टेकवून पाहतात, काहींत पूर्ण बसवून. काहींत इंजिन बंद करताच लगेच पाहतात, कारण थोड्या वेळाने कूलरमधले तेल पेटीत उतरून पातळी खोटी दिसते. हे पुस्तिकेतून पक्के करून घ्यावे. तेल कमी असणे वाईट, हे सर्वांस समजते; जास्त असणेही तितकेच वाईट, हे थोड्यांस समजते. जास्त तेल दात्यांनी घुसळले जाऊन त्याचा फेस होतो, फेसाला दाब धरत नाही आणि पेटी तापते.

पाचवी पायरी चाचणीची. इंजिन सुरू करून काही मिनिटे मोकळे चालू द्यावे, गियर पुढे-मागे लावून पाहावा, बुचाभोवती व शाफ्टच्या सीलभोवती थेंब दिसतो काय ते पाहावे, पुन्हा बंद करून पट्टी पाहावी. मग हात धुवून वहीत लिहावे: तारीख, इंजिनाचे तास, किती तेल निघाले, किती भरले, कोणत्या प्रकारचे.

ही झाली कृती. परंतु याहून मोलाची विद्या आहे ती निघालेले तेल वाचण्याची. वैद्य जसा जीभ व नाडी पाहतो, तसे त्या डब्यातील तेल पाहावे. काचेच्या बाटलीत घेऊन उन्हात धरावे. रंग थोडा गडद पण स्वच्छ असेल तर पेटी निरोगी आहे. काळे असून जळका वास येत असेल तर क्लच घसरून तापतो आहे. लोहचुंबकावर पिठासारखी बारीक करडी भुकटी दिसली तर ती नित्याची झीज आहे. पण चकाकणारे कपचे किंवा तुकडे दिसले तर होडी पाण्यात नेऊ नये, मेस्त्रीला बोलवावे. आणि तेल चहात दूध घातल्यासारखे पांढुरके दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. ते बहुधा कूलरमधून शिरते. कूलरमध्ये एका बाजूने तेल व दुसऱ्या बाजूने बाहेरचे पाणी वाहते. मधली नळी गंजून तिला छिद्र पडले की पाणी तेलात येते. समुद्रात खाऱ्या पाण्याने हे घडते; आपल्या जलाशयांत गाळ कूलरमध्ये बसून पेटी तापविण्याचा धोका अधिक. शिवाय बुडिताखालच्या झाडांच्या खोडांवर पंखा आदळला तर तो धक्का शाफ्टमधून थेट गियरच्या दात्यांना बसतो. असा धक्का बसल्यावर तेल वेळेआधीच पाहावे. पांढुरके तेल नुसते बदलून भागत नाही. पाणी कोठून आले ते बंद केल्याशिवाय नवे तेलही दोन दिवसांत तसेच होते.

याविषयी आपल्याच माणसांची एक हकीकत सांगतो. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. चौघा नातलगांनी भागीत एक जुनी इंजिनाची होडी घेतली आणि जलाशयावर बाजारकऱ्यांची ने-आण सुरू केली. धंदा बरा चालला. होडी चौघांची होती, म्हणून तेल पाहणे प्रत्येकास दुसऱ्याचे काम वाटे. होडी धुण्यास येणारा आठवीतला एक मुलगा होता. त्याने एकदा सहज पट्टी काढून पाहिली आणि सांगितले, "काका, तेल दुधासारखे दिसते." उत्तर मिळाले, "तू अभ्यास कर. हंगाम संपला की पाहू." हंगाम संपण्यापूर्वीच एका संध्याकाळी, होडीत बाजाराहून परतणारी बायकामुले असताना, गियर लागेनासा झाला. इंजिन जोरात ओरडत होते आणि होडी जागची हलत नव्हती. वाऱ्याने ती बुडालेल्या खोडांच्या बाजूस सरकू लागली. सुदैवाने जुन्या वळणाच्या एका भागीदाराने दोन वल्ही होडीत ठेवली होती. त्यांच्या जोरावर अंधार पडता पडता सर्व जण काठाला लागले. जीव वाचले; पण क्लचच्या चकत्या जळून गेल्या होत्या, दाते खराब झाले होते, आणि दुरुस्तीस सबंध हंगामाची कमाई जाऊन वर कर्ज झाले. त्या चौघांपैकी एकाची मुलगी बारावी उत्तीर्ण होऊन परिचारिकेच्या शिक्षणास जाणार होती. शुल्काचे पैसे होडीत गेले आणि तिचे एक वर्ष बुडाले. ती पुढच्या वर्षी गेली, हे खरे. परंतु गेलेले वर्ष परत आले नाही. कूलरची नळी वेळेवर बदलली असती तर खर्च त्याच्या एका लहानशा अंशाने भागला असता.

शिक्षक या नात्याने आम्हांस या हकीकतीतील दोन मुलांचे दुःख अधिक वाटते. एकाने डोळ्यांनी पाहिलेले खरे सांगितले आणि त्याला गप्प बसविले. दुसरीचा त्या पेटीशी काडीचा संबंध नसताना तिला दंड भरावा लागला. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांचा मान आहे, तो असावा. पण तेल पांढरे आहे की लाल आहे, हे वयावर ठरत नाही.

आणखी एक गोष्ट जुन्या तेलाची. काढलेले तेल पाण्यात ओतण्याची वाईट चाल सर्वत्र दिसते. थोडेसे तेलही पाण्यावर पातळ सायीसारखे दूरवर पसरते. ज्या पाण्यातून आपण मासळी काढतो, जे पाणी काठावरची बाया-माणसे हंड्यांत भरतात, त्यातच आपल्या हाताने विष कालवावे काय? जुने तेल घट्ट झाकणाच्या डब्यात साठवावे व अधिकृतपणे जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे. हे तेल शुद्ध करून पुन्हा वापरता येते. नदीला आपण माता म्हणतो व तिची ओटी भरतो. तिच्या ओटीत जळके तेल घालू नये, एवढे तरी आपल्या हातचे आहे.

आता मंडळापुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो.

एक: ज्यांची होडी भागीची आहे त्यांनी वर्षाच्या आरंभी एकाचे नाव ठरवावे. तेल, गाळणी व वही ही त्या वर्षी त्याची जबाबदारी. चौघांचे काम म्हणजे कोणाचेच काम नव्हे, हे वर सांगितलेच.

दोन: तेल ओढण्याचा हातपंप फार महाग नसतो, पण प्रत्येकाने घेण्याचीही गरज नाही. मंडळाने असे दोन पंप घेऊन ठेवावेत व सभासदांस आळीपाळीने द्यावेत. आपण लग्नकार्यासाठी मंडळाची भांडी व सतरंज्या देतो, त्याच नोंदवहीत पंपासाठी एक पान घालावे.

तीन: प्रत्येक होडीवर, इंजिन कितीही नवे असो, दोन वल्ही, एक नांगर, लांब दोर आणि बसणाऱ्या प्रत्येकास पुरेल इतकी जीवरक्षक जाकिटे असलीच पाहिजेत. १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या पर्वावर, आपल्याच जिल्ह्यात धडगाव तालुक्यातील भुषा येथे नर्मदेत भाविकांनी खच्चून भरलेली बोट उलटली व त्यांत मुलेही दगावली. तेथे प्रश्न तेलाचा नव्हता, गर्दीचा होता. गियर उत्तम असला तरी भरमसाट भरलेली होडी बुडते. म्हणून नाही म्हणावयास शिकणे, हाही नावाड्याच्या शिक्षणाचा भाग आहे.

चार: आपल्या सभासदांकडे ज्या ज्या इंजिनांच्या पुस्तिका असतील त्या मंडळाकडे आणून द्याव्यात. आपली कॉलेजात शिकणारी मुले-मुली सुट्टीत त्यांचे मराठी करतील. आमच्यासारखा जुना मॅट्रिक शब्दकोश घेऊन हे करू शकतो, तर ती खात्रीने करतील. चुकले तर मेस्त्री दुरुस्त करतील. इंग्रजी शिकलेल्या आपल्या मुलाने बापाला गियरची पुस्तिका वाचून दाखवावी, आणि बापाने त्याला ते तेल बोटांवर घेऊन दाखवावे, असे झाले तर शिक्षण व धंदा यांत पडलेले अंतर थोडे कमी होईल. आज शिकलेल्यास तेलाची लाज वाटते आणि तेलात हात असलेल्यास पुस्तकाचे भय वाटते. यांत दोघांचेही नुकसान आहे.

पाच: ज्या तरुणांना याच कामात पुढे जावयाचे आहे त्यांनी आय.टी.आय.मध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम जरूर करावा. किनाऱ्यावर चांगल्या इंजिनवाल्यास मान आहे व पगारही खलाशाहून अधिक आहे. आमचा भाचा आज त्याच कामावर आहे. तो आता आम्हांस पुस्तिकेची पाने पाठवीत नाही. आता आम्हीच त्याला शंका विचारतो.

बंधुभगिनींनो, विषय रुक्ष होता आणि जेवणाची वेळ जवळ येत चालली आहे. तरीही आपण शांतपणे ऐकून घेतलेत, विशेषतः भगिनीवर्गाने पुढच्या रांगेत बसून प्रश्न विचारले, याबद्दल आम्ही आभारी आहोत. एका भगिनीने विचारले, "गुरुजी, हे तेल पाहण्याचे काम आम्हांला जमेल का?" जिला भाकरीचे पीठ हाताला कसे लागते यावरून पाणी कमी की जास्त हे कळते, तिला तेलाची पट्टी वाचणे मुळीच कठीण नाही. घरी परतल्यावर प्रत्येकीने आपल्या घरच्या माणसास एवढेच विचारावे, की पेटीतील तेल शेवटचे केव्हा बदलले. उत्तर आठवत नसेल, तर ते बदलण्याची वेळ झाली आहे असे समजावे.